विश्वासू प्रवासी योजना
सरकारने आगाऊ पडताळणी केलेल्या प्रवाशांना इमिग्रेशनच्या खिडकीऐवजी ई-गेटमधून सोडण्याची व्यवस्था. अमेरिकेची ‘ग्लोबल एन्ट्री’ 2008 ची. ती भारतीय नागरिकांना 2017 पासून खुली आहे. भारताची ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन’ 22 जून 2024 रोजी दिल्लीत सुरू झाली आणि 16 जानेवारी 2025 रोजी मुंबईसह आणखी सात विमानतळांवर गेली. भारतीय नागरिक किंवा ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारकाने ऑनलाइन अर्ज करून बोटांचे ठसे व चेहऱ्याची नोंद द्यायची. पुढे गेटवर बोर्डिंग पास आणि पासपोर्ट स्कॅन होतो, ओळख जुळली की दार उघडते. नोंदणी कमाल 5 वर्षे, पासपोर्टची मुदत आधी संपली तर तेवढीच.

ही बड्यांची सोय, हा आक्षेप पुरता टिकत नाही. शुल्क नाही, आणि रांगेतून एक जण कमी झाला की मागच्यांचाही वेळ वाचतो. खरी विषमता अंतराची आहे. मानोरा तालुक्यातल्या इंझोरीहून (जि. वाशीम) परदेशी निघालेल्याला नागपूर जवळ; पण जानेवारी 2025 च्या यादीत नागपूर नव्हते. मुंबई गाठायला रात्र घालवायची आणि गेटवर काही मिनिटे वाचवायची, हा हिशेब वारंवार ये-जा करणाऱ्यालाच परवडतो. ठसे सरकारकडे राहतात ही शंका मात्र रास्त आहे. नोंदणी ऐच्छिक असल्याने ती सौम्य होते, मिटत नाही. शिवाय चेक-इन, सुरक्षा तपासणी आणि कस्टम्सला ही योजना हातही लावत नाही.