वाक्प्रचार, पोशाखविषयक (इंग्रजी)

टोपी, हातमोजा, कॉलर, पट्टा, मोजे अशा पोशाखातील वस्तूंवरून इंग्रजीत रूढ झालेले वाक्प्रचार. पोशाखावरून माणसाचा दर्जा आणि धंदा ओळखला जाई, त्या काळात यांतील अनेकांचे मूळ आहे. मध्ययुगीन सरदार द्वंद्वाला बोलावताना आपला ‘गॉन्टलेट’, म्हणजे चिलखती हातमोजा, प्रतिस्पर्ध्यापुढे टाकी. त्याने तो उचलला की लढत ठरली. आपल्याकडे पैजेचा विडा उचलतात, तसाच हा प्रघात.

टोपीचे वाक्प्रचार विशेष आहेत. 1858 मध्ये शेफील्डच्या हाइड पार्क मैदानावर एच. एच. स्टीफन्सन यांनी लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी टिपले, तेव्हा वर्गणी काढून त्यांना टोपी भेट दिली गेली. ‘हॅट्‌ट्रिक’ ती हीच. मराठी वृत्तपत्रे आता आमदाराच्या सलग तिसऱ्या विजयालाही ती लावतात. ‘मॅड ॲज अ हॅटर’ याची पार्श्वभूमी मात्र दुःखद आहे. फेल्टच्या टोप्यांसाठी सशाची लव पाऱ्याच्या क्षारात भिजवत. कोंदट कारखान्यांत तिची वाफ श्वासावाटे शरीरात जाऊन कारागिरांचे हात थरथरत, बोलणे अडखळे, स्वभाव बुजरा आणि चिडका होई. वाक्प्रचार यावरूनच आला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. लुईस कॅरल यांच्या 1865 मधील ‘ॲलिस’मुळे तो घरोघरी पोचला, पण तो त्याआधीपासून प्रचारात होता.

‘ब्लूस्टॉकिंग’ हा शब्द तर उघड अन्यायाचा नमुना. अठराव्या शतकात लंडनमध्ये एलिझाबेथ माँटेग्यू यांच्याकडे साहित्यचर्चेच्या बैठका भरत. तिथे बेंजामिन स्टिलिंगफ्लीट हे वनस्पतिशास्त्रज्ञ रिवाजाचे काळे रेशमी मोजे न घालता साधे निळे लोकरी मोजे घालून येत. प्रथम सगळ्या मंडळालाच हे नाव पडले. पुढे मात्र पुरुषाच्या मोज्यांवरून आलेला हा शब्द शिकलेल्या बायकांना हिणवण्यासाठी वापरला गेला.

विसाव्या शतकात अमेरिकेत कचेरीतल्या नोकरदारांना ‘व्हाइट कॉलर’ आणि अंगमेहनत करणाऱ्यांना ‘ब्लू कॉलर’ म्हणू लागले. पहिल्यासाठी मराठीत ‘पांढरपेशा’ हा शब्द आधीच होता. एकोणिसाव्या शतकातील कोकणच्या महसुली कागदपत्रांत तो विशिष्ट सवलती असलेल्या कुळांसाठी आढळतो.