शिबिरानंतरची वर्षे

आपल्या माजी विद्यार्थी संघाच्या बैठकीत ठरले की मेळाव्यातून उरणाऱ्या निधीतून शाळेतल्या नववीच्या मुलामुलींसाठी दरवर्षी 'नेतृत्व विकास शिबिर' घ्यायचे. कल्पना सगळ्यांनाच आवडली. दोन दिवस, बाहेरून प्रशिक्षक, शेवटी प्रमाणपत्र, असा कच्चा आराखडाही ग्रुपवर फिरला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नवी सिस्टीम लिहायच्या आधी जुनी कशी चालत होती आणि कुठे अडली हे पाहायची आम्हाला सवय असते. देशासाठी काही करू पाहणाऱ्या तरुणांची शिबिरे आपल्याकडे गेली शंभर वर्षे भरत आली आहेत. तेव्हा आराखडा पक्का करण्यापूर्वी हा जुना हिशेब आपल्या सर्वांसमोर मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

सुरुवात १९२३ पासून करू. त्या वर्षी नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. देशभरातून स्वयंसेवक आले, तुरुंगात गेले. पण तुरुंगातले हाल सोसेनात म्हणून अनेकांनी माफी लिहून दिली. हुबळीहून डॉ. ना. सु. हर्डीकरांबरोबर आलेली तुकडी मात्र ठाम राहिली. उत्साह पुष्कळ आहे, पण तयारी नाही, हे यातून काँग्रेसच्या पुढाऱ्यांच्या लक्षात आले. त्याच वर्षअखेरीस काकिनाडा अधिवेशनात हर्डीकरांनी स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणासाठी संघटना उभी केली. तीच पुढे हिंदुस्थानी सेवा दल म्हणून ओळखली गेली. १९२४ चे बेळगावचे अधिवेशन, महात्मा गांधी अध्यक्ष असलेले एकमेव, त्याची व्यवस्था पाहण्यात याच स्वयंसेवकांचा मोठा वाटा होता. राहुट्या, पाणी, स्वच्छता, गर्दी सांभाळणे अशी ती कामे होती. भाषण करणे त्यात नव्हते.

महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले ते राष्ट्र सेवा दल. ४ जून १९४१ रोजी पुण्यात त्याची नव्याने बांधणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये, वि. म. हर्डीकर, भाऊसाहेब रानडे ही मंडळी बरोबर होती. त्या काळी गावोगावच्या मैदानांवर वेगवेगळ्या विचारांच्या शाखा भरत होत्या. सेवा दलाचे वेगळेपण असे, की सगळ्या जातिधर्मांची मुले एका रांगेत उभी राहत आणि मुलीही त्याच मैदानावर असत. खेळ, कवायत, लेझीम, समूहगीते, बौद्धिक हा शाखेचा नेम. सुट्ट्यांत शिबिरे.

१९४० च्या दशकात वयात आलेल्या मुलीला घराबाहेर, मुलांबरोबरच्या शिबिराला पाठवणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्या आज्यांना विचारली तरच येईल. एका पंगतीत कुणाच्याही शेजारी बसून जेवायचे आणि मग पाळी आली की सगळ्यांची भांडी घासायची, हाही अनेक घरांतल्या मुलांना धक्काच होता. समतेवरच्या दहा बौद्धिकांनी जे झाले नसते ते अशा पंगतींनी केले, असे मला वाटते.

स्थापनेला जेमतेम चौदा महिने होताहेत तोच ऑगस्ट १९४२ उजाडला. नेते तुरुंगात गेले किंवा भूमिगत झाले. स्वतः एस. एम. दाढी वाढवून 'इमाम अली' या नावाने वावरत होते. वरून आदेश यायची सोय उरली नाही. ज्या शाखा टिकल्या त्या जागच्या जागी निर्णय घेऊ शकणाऱ्या पोरसवदा मुलामुलींनी टिकवल्या. शिबिरात शिकवलेल्या नेतृत्वाची ती पहिली परीक्षा.

दुसरी परीक्षा पंढरपूरची. विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरत होते आणि सेवा दलाचे कलापथक त्यांच्या सोबत होते. गाणी, पोवाडे, मेळे यांतून गावागावांत मंदिर प्रवेशाची चर्चा घडत गेली. दहाव्या दिवशी उपोषण सुटले, मंदिराचा मार्ग मोकळा झाला. इतिहासात नाव गुरुजींचे आहे आणि ते असायलाच हवे. पण गावोगाव आधी जाऊन सभा जमवणे आणि विरोध करणाऱ्यांशी डोके शांत ठेवून बोलणे ही कामे तरुण कार्यकर्त्यांनी केली.

याच कलापथकाने पुढे पु. ल. देशपांडे यांचे 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य गाजवले. नेतृत्वाचे धडे देणाऱ्या संघटनेनेच पुढारीपणाची टर उडवावी, यातली गंमत मला फार मोलाची वाटते. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे सगळे कलापथकाच्या मुशीतून गेलेले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच.

या मैदानांवरून पुढे कोण निघाले? मृणाल गोरे यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून सामाजिक कामात उडी घेतली आणि गोरेगावच्या पाण्यासाठी लढून 'पाणीवाली बाई' झाल्या. डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमालांची संघटना बांधली आणि 'एक गाव एक पाणवठा' चळवळीसाठी महाराष्ट्र पालथा घातला. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. सात जणींच्या मोर्चापुढे उभे राहायला लागणारे धैर्य सात हजारांच्या मोर्चापेक्षा जास्त असते.

ही नावे मोठी आहेत. पण हजारो मुले शिबिरांतून घरी परतली आणि शिक्षक, कारकून, बँकेतले अधिकारी, गृहिणी झाली. आपल्या लहानपणी गावातल्या वाचनालयाचे हिशेब चोख ठेवणारे, पूर आला की आधी बाहेर पडणारे जे आजोबा असत, त्यांच्यापैकी कुणाच्या तरी तरुणपणात असे एखादे मैदान सापडतेच.

मग हे ओसरले का? समाजवादी मंडळी १९४८ मध्ये काँग्रेसबाहेर पडली; नंतर पक्ष फुटत आणि जुळत राहिले, त्यात माणसे ओढली गेली. शहरांतली मैदाने कमी झाली, संध्याकाळी क्लास आले. ज्या गावात रोजची शाखा बंद पडली तिथे मे महिन्यातले शिबिर तेवढे उरले आणि हळूहळू तेही सुट्टीतला कार्यक्रम बनले.

दुसरी परंपरा बाबा आमट्यांची. १९६७ च्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात, सोमनाथच्या जंगलात त्यांनी बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांबरोबर शेती उभी केली आणि तिथे दर मे महिन्यात तरुणांचे श्रमसंस्कार शिबिर भरू लागले. इंजिनिअरिंगला असताना मी या शिबिराला गेले होते. चंद्रपूरचा मे महिना काय असतो ते विदर्भातल्या मित्रांना सांगायला नको. पहाटे उठून श्रमदान, दुपारी व्याख्याने आणि चर्चा, रात्री गाणी. आमच्या गटाकडे मातीकाम होते. पहिल्या दिवशी जो तो जोरात घमेले भरून स्वतःच पळत होता आणि तासाभरात सगळे धापा टाकत बसले. मग आर्ट्सच्या एका अबोल मुलीने सगळ्यांना हातभर अंतरावर उभे केले, घमेली हातोहात पुढे जाऊ लागली. तिला कुणी गटप्रमुख नेमले नव्हते. 'थ्रूपुट' हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, त्याचा अर्थ त्या रांगेत कळला. आणि ज्यांच्या बोटांकडे बघायचीही भीती वाटायची त्या माणसांनी पिकवलेले अन्न आठवडाभर जेवल्यावर कुष्ठरोगाची भीती कुठे गेली ते समजलेच नाही.

सोमनाथची खरी ताकद अशी की शिबिर संपल्यावर जायला जागा होती. आनंदवन होते. १९७३ च्या डिसेंबरात भामरागडच्या जंगलात हेमलकसा सुरू झाले, तिथे काम करायला तरुण हात हवे होते. २४ डिसेंबर १९८५ रोजी कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रा निघाली, तेव्हा शंभराहून अधिक युवक-युवती सायकलींवर काश्मीरकडे निघाले. पंजाब धुमसत असण्याचा तो काळ. पाठीच्या दुखण्यामुळे बसता न येणारे सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत आडवे पडून सोबत होते.

सरकारनेही हे काम हाती घेतले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आपल्यापैकी अनेकांनी तिच्या शिबिरांत रस्ते झाडले, शोषखड्डे खणले. जिथे प्राध्यापक मनापासून काम करतात आणि तेच गाव पुढची काही वर्षे धरून ठेवतात, तिथे ती योजना जिवंत आहे. जिथे दरवर्षी नवे गाव आणि नवे फोटो असतात, तिथे फक्त तास भरतात.

गेल्या वीस वर्षांत नोकरीत मी नेतृत्वाच्या बऱ्याच कार्यशाळा केल्या. हॉटेलच्या गार हॉलमध्ये कागदाचे मनोरे बांधले, टाळ्या वाजवल्या. सोमवारी ऑफिसात सगळे पूर्वीसारखेच. प्रशिक्षक वाईट नव्हते. त्या दोन दिवसांच्या आधी काही नव्हते आणि नंतरही काही नव्हते.

हा सगळा इतिहास वाचताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. जी शिबिरे माणसे घडवून गेली ती एकटी नव्हती. सेवा दलाच्या शिबिराआधी वर्षभराची शाखा होती आणि नंतर सेवापथक, कलापथक, आंदोलन होते. सोमनाथच्या शिबिरामागे आनंदवन होते आणि पुढे हेमलकसा. शिबिर हे मधले स्टेशन होते. मागचे-पुढचे रूळ उखडले की स्टेशनवर फक्त चहा मिळतो.

म्हणून आपल्या संघाला तीन सूचना. पहिली, शिबिर शाळेतच घ्यावे आणि स्वयंपाक, भांडी, संडासांची सफाई मुलामुलींनी आळीपाळीने करावी; त्यासाठी माणसे लावू नयेत. दुसरी, निवड मार्कांवर किंवा भाषण स्पर्धेवर करू नये. ती अबोल मुलगी अशा चाळणीतून कधीच खाली आली नसती. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: शिबिर संपताना मुलांच्या हाती वर्षभराचे एक खरे काम द्यावे. शाळेमागचा ओढा, नदीकाठच्या वस्तीतली अभ्यासिका, वाचनालयाची यादी, काहीही चालेल. त्यांच्या सोबत महिन्यातून एक रविवार आपल्या बॅचमधल्या दोघांनी तरी शाळेत यावे.

निधी जमवणे सोपे आहे, ते आपण केलेही. बारा रविवार देणे अवघड आहे. मी वर्षातले दोन रविवार माझ्या नावावर लिहिले आहेत. उरलेल्या दहांसाठी नावनोंदणीची वही मेळाव्याच्या दिवशी शाळेच्या ऑफिसबाहेर ठेवलेली असेल.