डिफॉल्ट प्रणाली (ग्रब)

एकाच संगणकावर लिनक्ससोबत विंडोज किंवा दुसरे लिनक्स वितरण असताना, वापरकर्त्याने काहीच न निवडल्यास सुरू होणारी कार्यप्रणाली. बहुतेक लिनक्स वितरणांत ती ग्रब या बूटलोडरमध्ये ठरवलेली असते.

इतिहास : एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये जीएनयू हर्ड सुरू करण्यासाठी ग्रब लिहिला. १९९९ मध्ये तो जीएनयूचा अधिकृत भाग झाला. नव्याने लिहिलेल्या ग्रबची २.०० आवृत्ती २०१२ ची.

क्रमांकाने निवड : ‘ईटीसी’मधील ‘डिफॉल्ट’ या फोल्डरात ‘ग्रब’ नावाची फाइल असते. तीत ‘ग्रब_डिफॉल्ट’पुढे लिहिलेला अंक मेनूतील नोंद दाखवतो. मोजणी शून्यापासून होते. म्हणून पाचव्या ओळीवरील विंडोजसाठी ४ लिहावे लागते. उपमेनूतील नोंद ‘१>२’ अशी लिहितात. बदल केल्यावर उबुंटू व डेबियनमध्ये ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी लागते. तिच्यामुळे प्रत्यक्ष मेनूची ‘ग्रब डॉट सीएफजी’ फाइल नव्याने तयार होते. ही फाइल हाताने दुरुस्त केल्यास पुढच्या वेळी ते बदल पुसले जातात. उपमेनू बंद ठेवला असेल तर नवा कर्नेल आला की खालच्या नोंदींचे क्रमांक सरकतात आणि तोच अंक भलतीच प्रणाली सुरू करतो.

नावाने निवड : अंकाऐवजी नोंदीचे शीर्षक किंवा ओळखचिन्ह लिहिता येते. क्रम बदलला तरी निवड टिकते, म्हणून हीच पद्धत अधिक भरवशाची.

शेवटची निवड : ‘ग्रब_डिफॉल्ट’ला ‘सेव्ह्ड’ आणि ‘ग्रब_सेव्हडिफॉल्ट’ला ‘ट्रू’ दिल्यास मागच्या वेळी निवडलेली प्रणालीच पुन्हा सुरू होते. ही आठवण १,०२४ बाइटांच्या ‘ग्रबएन्व्ह’ फाइलीत राहते. बूट विभाग एलव्हीएमवर असल्यास ग्रबला ती वाचता येते, लिहिता येत नाही. फक्त पुढच्या एका वेळेपुरती निवड ‘ग्रब-रिबूट’ने होते.

इतर प्रणालींचा शोध : हे काम ‘ओएस-प्रोबर’ करतो. ग्रब २.०६ (२०२१) पासून तो सुरक्षेच्या कारणास्तव मुळात बंद असतो. वितरणांची धोरणे मात्र एकसारखी नाहीत.

यूईएफआय : येथे फर्मवेअरची स्वतंत्र बूट-क्रमवारी असते. तीत विंडोज वर असल्यास ग्रबमधील निवड निरुपयोगी ठरते. क्रमवारी ‘ईएफआयबूटएमजीआर’ने बदलता येते.

सिस्टमडी-बूट : ग्रबऐवजी वापरता येणारा बूटलोडर. मेनूत हवी ती नोंद निवडून ‘डी’ कळ दाबली की ती डिफॉल्ट होते.

लिलो : ग्रबपूर्वीचा प्रचलित बूटलोडर. विकास डिसेंबर २०१५ मध्ये थांबला.