एक धरण, तीन मालक: पश्चिम आफ्रिकेतल्या देशांची सामाईक जलविद्युत चालते कशी?

मनांताली धरण मालीच्या हद्दीत आहे, पण ते मालीचं नाही. माली, सेनेगल आणि मॉरिटानिया या तीन देशांच्या नावावर ते एकत्र आहे. सात-बाऱ्यावर तीन भावांची नावं असावीत आणि जमिनीचे वाटे मात्र पाडलेले नसावेत, तसा हा प्रकार. वाटणी होते ती फक्त उत्पन्नाची, म्हणजे विजेची. माली 52 टक्के, सेनेगल 33 टक्के, मॉरिटानिया 15 टक्के. 200 मेगावॅटच्या या केंद्रातले 104 मेगावॅट मालीचे, 66 सेनेगलचे आणि 30 मॉरिटानियाचे.

पश्चिम आफ्रिकेत शेजारी देशांनी मिळून वीज वापरण्याचे इतरही प्रयोग झाले. काही चालले, काही अर्ध्यावर राहिले, एकात तर एका रात्रीत शेजाऱ्याचे दिवे गेले. मनांतालीची व्यवस्था का टिकली आणि बाकीच्या ठिकाणी काय झालं, ते समजून घ्यायचं तर सुरुवात नदीपासून करावी लागते.

नदी आणि करार

सेनेगल नदी सुमारे 1800 किलोमीटर लांबीची. तिचं पाणी मुख्यतः गिनी देशातल्या फुता जालों या डोंगराळ पठारावरून येतं. तिथून निघालेली बाफिंग नदी मालीतल्या बाफुलाबे गावाजवळ बाकोये नदीला मिळते आणि पुढे तिला सेनेगल म्हणतात. खालच्या अंगाला हीच नदी सेनेगल आणि मॉरिटानिया यांची सरहद्द होते. म्हणजे पाऊस एका देशात, धरणाला योग्य दरी दुसऱ्यात आणि सपाट शेतजमीन उरलेल्या दोघांत.

1968 मध्ये चारही देशांनी मिळून एक संघटना काढली होती. गिनी आणि सेनेगलचं राजकीय वाजलं आणि ती मोडली. मग 11 मार्च 1972 रोजी गिनीला वगळून तिघांनी नवी संस्था स्थापन केली. सेनेगल नदी विकास संघटना, फ्रेंच आद्याक्षरांनुसार ओएमव्हीएस. गिनी तिच्यात आला तो थेट 2006 मध्ये.

काळ दुष्काळाचा होता. साहेल पट्ट्यात पावसाने दगा दिला होता. उन्हाळ्यात नदी एवढी खाली जायची की समुद्राचं खारं पाणी दोनशे किलोमीटर आत घुसायचं. तिन्ही देश गरीब, एकट्याने मोठं धरण बांधायची कुणाची ऐपत नव्हती. कर्ज द्यायलाही कुणी एकट्या देशाच्या दारात उभं राहिलं नसतं.

1978 च्या करारात त्यांनी जे लिहून घेतलं ते त्या काळी वेगळंच होतं. नदीवरची मोठी कामं ज्या देशाच्या जमिनीवर असतील त्याची नाहीत, ती सर्वांच्या अविभक्त मालकीची. 1982 च्या दुसऱ्या करारात पैशाचं ठरलं. कर्जाची हमी सगळ्यांनी मिळून घ्यायची. वाणिज्याच्या पुस्तकात भागीदारी संस्थेत ‘संयुक्त आणि वैयक्तिक जबाबदारी’ असते, साधारण तीच गोष्ट, फक्त भागीदार म्हणजे देश.

खर्चाचा हिशेब वेगळा, विजेचा वेगळा

विजेची टक्केवारी वर दिली आहे. बांधकामाच्या खर्चाची टक्केवारी मात्र तशी नाही. खर्चात सेनेगल 42.1 टक्के, माली 35.3 टक्के आणि मॉरिटानिया 22.6 टक्के. सर्वात जास्त वीज घेणारा माली खर्चात दुसऱ्या क्रमांकावर कसा, असा प्रश्न पडतो.

उत्तर शेतीत आहे. या योजनेतून सुमारे 3 लाख 75 हजार हेक्टर जमीन भिजेल असं धरलं होतं आणि त्यातली 2 लाख 40 हजार हेक्टर एकट्या सेनेगलची. मालीची या नदीवर शेती नगण्य, त्याला हवी होती वीज आणि समुद्रापर्यंत जाणारा जलमार्ग, कारण मालीला स्वतःचा किनाराच नाही. तेव्हा सिंचन, वीज आणि जलवाहतूक या तिन्हींचा फायदा कुणाला किती, याचा अंदाज काढून खर्च वाटला गेला. जलवाहतूक कागदावरून फारशी पुढे सरकलेली नाही, त्यामुळे मालीच्या वाट्याचा एक मोठा फायदा अजून यायचाच आहे.

कृष्णेच्या पाण्याचा वाद ऐकत मोठ्या झालेल्या सीमाभागातल्या वाचकाला इथला फरक लगेच कळेल. आपल्याकडे लवाद बसतो तो पाणी टीएमसीत मोजून राज्याराज्यांत वाटायला. ओएमव्हीएसने पाणी मोजून वाटलंच नाही. त्यांनी धरणाचा खर्च वाटला आणि धरणातून निघणारा फायदा वाटला. भांडण थांबतं असं नाही, पण भांडायचा विषय बदलतो.

धरण 1988 मध्ये, वीज 2001 मध्ये

दोन धरणं ठरली. समुद्राजवळ दियामा, खारं पाणी अडवायला, ते 1986 मध्ये झालं. आणि वर बाफिंगवर मनांताली, 1988 मध्ये. मनांतालीच्या जलाशयाची क्षमता सुमारे 11.3 अब्ज घनमीटर. आपल्या हिशेबात जवळपास 400 टीएमसी, म्हणजे कोयनेच्या पावणेचार पट.

एवढं पाणी अडवलं आणि पुढची तेरा वर्षं त्यातून एक युनिट वीज निघाली नाही. पैसे धरणातच संपत आले होते. तारांची लाईन कुठून न्यायची यावरही एकमत होईना. आणि मध्येच एप्रिल 1989 उजाडला. नदीकाठच्या दियावारा गावाजवळ गुरं चारण्यावरून वाद झाला, दोन सेनेगली माणसं मारली गेली. त्याचं लोण दाकार आणि नुआकशोत या दोन्ही राजधान्यांत पोचलं. दंगली, लूट, कत्तली झाल्या, दोन्हीकडून हजारो माणसं सीमेपार हाकलली गेली. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध 1992 पर्यंत तुटलेलेच होते. धरणामुळे काठच्या जमिनीला आलेला भाव हेही या भांडणाचं एक मूळ होतं, हे अनेक अभ्यासकांनी नोंदवलं आहे.

तरीही ओएमव्हीएस मोडली नाही. सामाईक कर्ज डोक्यावर असताना भागीदारी सोडून जाणं कुणालाच परवडणारं नव्हतं, हे त्याचं एक साधं कारण दिसतं. 1997 मध्ये धरण आणि वीजकेंद्र सांभाळायला सोजेम ही सामाईक कंपनी काढली. केंद्र चालवण्याचं काम आधी दक्षिण आफ्रिकेच्या एस्कॉम समूहाच्या कंपनीला दिलं. 2001 च्या शेवटी बामाकोला वीज पोचली आणि 2002 मध्ये दाकार आणि नुआकशोतला.

त्यानंतर त्याच नदीवर 2013 मध्ये फेलू (सुमारे 60 मेगावॅट) आणि डिसेंबर 2022 मध्ये गुइना (140 मेगावॅट) ही केंद्रं आली. दोन्ही मालीत, दोन्ही वाहत्या पाण्यावरची. मनांतालीतून सोडलेलं पाणीच पुढे पुन्हा कामाला लागतं.

काठावरच्या माणसाचा हिशेब

टक्केवारीच्या तक्त्यात एक रकाना कधीच नव्हता, तो गावांचा. मनांतालीच्या जलाशयासाठी दहा हजारांहून जास्त माणसं उठवली गेली. मोठ्या दाबाच्या तारा त्यांच्या डोक्यावरून राजधानीकडे गेल्या आणि पुनर्वसित गावांत वर्षानुवर्षं अंधार राहिला.

खालच्या खोऱ्यात नुकसान वेगळ्या तऱ्हेचं. तिथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पुराच्या भरवशावर शेती करत आला. पावसाळ्यात नदी काठ ओलांडायची, पूर ओसरला की ओल्या गाळात ज्वारी पेरायची. खताचा खर्च नाही, पंपाचा नाही. धरणाने पूर अडवला आणि ही शेती आटली. मग मनांतालीतून मुद्दाम पाणी सोडून कृत्रिम पूर आणण्याची पद्धत सुरू झाली. पण पुरासाठी सोडलेलं पाणी टर्बाईनमधून जात नाही, म्हणजे शेतकऱ्याचा पूर हा वीज कंपनीचा तोटा. 2002 च्या जलसनदेत काठच्या लोकांच्या हक्कांचा उल्लेख आला खरा, पण पाणी कमी असलेल्या वर्षी वीज आणि पूर यांतलं काय निवडायचं हा वाद दरवेळी नव्याने उभा राहतो.

दियामामुळे त्रिभुज प्रदेशातलं पाणी बारमाही गोडं झालं. भातशेती आणि ऊस वाढला, त्याबरोबर पाणगवत माजलं आणि गोगलगायीही वाढल्या. 1988 पासून रिशार-तोल या साखर कारखान्याच्या गावात बिलहार्झिया या रोगाची मोठी साथ पसरली. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीवाटे पसरणारा हा रोग. धरणाचा प्रकल्प अहवाल लिहिताना आरोग्य खात्याला कुणी फार विचारलं असेल असं वाटत नाही.

दुसरी तऱ्हा: शेजाऱ्याला वीज विकणं

सामाईक मालकी हा एक मार्ग. दुसरा सोपा मार्ग म्हणजे एकाने बांधायचं आणि दुसऱ्याने विकत घ्यायचं. घानातलं अकोसोंबो धरण 1966 मध्ये सुरू झालं. वोल्टा नदीवरच्या या धरणामुळे सुमारे 8500 चौरस किलोमीटरचा तलाव तयार झाला, 80 हजारांच्या आसपास माणसं उठली. बरीचशी वीज अमेरिकी भांडवलाच्या ॲल्युमिनियम कारखान्यासाठी होती. 1972 पासून हीच वीज टोगो आणि बेनिनला विकली जाऊ लागली. त्या दोघांनी त्यासाठी 1968 मध्येच सामाईक वीज कंपनी काढली होती. मग 1983 चा दुष्काळ आला आणि तलाव खाली गेला. घानाला स्वतःलाच वीज पुरेना, तिथे शेजाऱ्यांना कुठून देणार? टोगो-बेनिनने पुढे 1987 मध्ये मोनो नदीवर नांगबेटो हे 65 मेगावॅटचं स्वतःचं सामाईक केंद्र उभं केलं. दोघांची गरज त्याने भागणारी नव्हतीच.

नायजेरिया आणि नायजर यांचं उदाहरण जास्त बोचरं आहे. नायजेरियाचं कैंजी धरण नायजर नदीवर, 1968 चं. वरच्या अंगाचा नायजर देश नदी अडवणार नाही आणि त्या बदल्यात नायजेरिया त्याला वीज देईल, असा समझोता झाला. तो अनेक वर्षं चालला. नायजरची सुमारे 70 टक्के वीज नायजेरियातून यायची. जुलै 2023 मध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली, इकोवास या प्रादेशिक संघटनेने निर्बंध लादले आणि नायजेरियाने पुरवठा तोडला. राजधानी नियामे अंधारात गेली. वीज परत आली ती निर्बंध उठल्यावर, फेब्रुवारी 2024 च्या सुमारास. नायजर आता कांदाजी हे स्वतःचं धरण बांधतो आहे.

याच्या शेजारी माली ठेवून पाहावा. तिथेही लष्करी सत्ता, तिथेही जानेवारी 2022 मध्ये इकोवासचे निर्बंध. पण त्या निर्बंधांतून वीज वगळली होती आणि मनांतालीची वाटणी चालू राहिली. मनांतालीची वीज तोडायची तर सेनेगलला स्वतःच्याच धरणाशी भांडावं लागलं असतं, कारण धरण मालीत आणि तारा दाकारपर्यंत. शिवाय मॉरिटानिया इकोवासमध्ये 2000 नंतर नव्हताच. जानेवारी 2025 मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर इकोवासमधून अधिकृतपणे बाहेर पडले. ओएमव्हीएसमध्ये माली आजही आहे.

तारांचं जाळं

आता भर धरणापेक्षा लाईनींवर आहे. इकोवासने 1999 मध्ये ठरवलेला पश्चिम आफ्रिका वीज संघ बेनिनमधून चालतो आणि सगळ्या देशांची ग्रीड एकमेकांना जोडण्याचं काम पाहतो. आयव्हरी कोस्ट, लायबेरिया, सिएरा लिओन आणि गिनी यांना जोडणारी 225 केव्हीची सुमारे 1300 किलोमीटरची लाईन उभी राहिली. यातले दोन देश यादवी युद्धाने पिचलेले. लायबेरियाचं माउंट कॉफी जलविद्युत केंद्र 1990 मध्ये युद्धात बंद पडलं ते 2016 मध्ये पुन्हा सुरू झालं, एवढं सांगितलं की पुरे.

दुसरी लाईन गॅम्बिया नदी संघटनेची, ओएमव्हीजीची. गॅम्बिया, सेनेगल, गिनी आणि गिनी-बिसाऊ यांच्यातून फिरणारी 1677 किलोमीटरची. तिला वीज पुरवायला गिनीत कालेटा (240 मेगावॅट, 2015) आणि सुआपिती (450 मेगावॅट) ही केंद्रं आहेत. गिनी-बिसाऊची राजधानी बिसाऊ तोवर जवळपास सगळी एका तुर्की कंपनीच्या तरंगत्या वीजजहाजावर अवलंबून होती. ऑक्टोबर 2023 मध्ये बिलं थकली आणि कंपनीने बटण बंद केलं. नव्या लाईनचं महत्त्व तिथल्या लोकांना त्या दिवसांत कळलं.

थकबाकी हे या सगळ्या योजनांचं जुनं दुखणं आहे. सामाईक केंद्र वीज देतं ती देशांच्या सरकारी वीज कंपन्यांना. त्या कंपन्या ग्राहकाला तोट्याच्या दराने विकतात आणि केंद्राचे पैसे थकवतात. मालीच्या वीज कंपनीची अवस्था 2023-24 मध्ये इतकी बिघडली की बामाकोत तासन्‌तास भारनियमन झालं. मालकी हक्क 52 टक्के असला तरी थकलेल्या बिलाने टर्बाईनची दुरुस्ती होत नाही.

पाण्याचं वेळापत्रकही सर्वांना सारखंच लागू आहे. एकाच पठारावरून नद्या निघत असल्याने पाऊस कमी झाला की सगळ्यांची धरणं एकदम खाली जातात. तेव्हा गॅस किंवा डिझेलवर चालणाऱ्या शेजाऱ्याची वीज उलट दिशेने घ्यावी लागते. लाईन दोन्हीकडून चालते, हाच तिचा खरा उपयोग.

सध्या दोन धरणांकडे लक्ष आहे. सेनेगल आणि गिनीच्या सीमेवर गॅम्बिया नदीवरचं सांबांगालू, 128 मेगावॅटचं, बांधकाम चालू. भिंत सेनेगलमध्ये, बुडणारी जमीन मात्र गिनीतही. आणि गिनीत बाफिंगवरचं कुकुतांबा, 294 मेगावॅटचं, ओएमव्हीएसचं आजवरचं सर्वात मोठं ठरेल असं. ते चिंपांझींसाठी राखलेल्या मध्य बाफिंग राष्ट्रीय उद्यानात येतं म्हणून वाद आहे आणि काम अडलेलं आहे. ते झालंच तर मूळ तिघांची वाटणी जुन्या टक्केवारीवर चालणार नाही. चौथा भागीदार गिनी असेल, पाणी त्याच्याच डोंगरातलं आणि या वेळी बुडणारी गावंही त्याचीच.