तीन एरियलांची कुळकथा

गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लघुलहरींवरून समुद्रापार तारसंदेश धाडण्याची सोय झाली, आणि थोडक्या शक्तीत एवढा दूरचा पल्ला गाठल्याचे समाधान पचते न पचते तोच, ठणठणीत ऐकू येणारा संकेत क्षणार्धात विरून जावा व पुन्हा आपसूक परतावा, अशी विलक्षण पीडा या दळणवळणाच्या मागे लागली. दोष यंत्राचा नव्हता. वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरांवरून परावर्तित होणारी लहर अनेक वाटांनी येई, आणि तरंगलांबी 15 मीटर असता दोन वाटांच्या लांबीत अवघा साडेसात मीटरांचा फरक पडला, की एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात जिरून जाई. प्रक्षेपकाची शक्ती वाढवावी, तर दोन्ही लहरी सारख्याच वाढत आणि त्यांचे वैर कायम राही.

या दुखण्यावर अमेरिकेतील आर. सी. ए. या रेडिओ कंपनीच्या रिव्हरहेड येथील केंद्रात हॅरल्ड बेव्हरेज व हॅरल्ड पीटरसन यांनी काढलेला तोडगा असा, की काही शे फूट अंतर राखून तीन एरियले उभारावीत आणि प्रत्येकास स्वतंत्र ग्राहकयंत्र द्यावे. कारण एका ठिकाणी संकेत बुडतो तेव्हा दुसऱ्या ठिकाणी तो बहुधा शाबूत असतो. खरी मेख पुढेच होती: एरियलांतील प्रवाह परभारे एकत्र केले असते, तर तोच परस्परनाश तारांत घडला असता, म्हणून प्रत्येक यंत्राने आपला संकेत आधी एकदिश करावा आणि मगच तो सामाईक खात्यात जमा व्हावा, अशी तजवीज त्यांनी केली. एका एरियलावर संकेत बुडण्याचा संभव दहात एक धरला आणि तिन्ही परस्परनिरपेक्ष मानली, तर तिन्ही एकदम बुडण्याचा संभव हजारात एक उरतो. 1931 साली ही पद्धती त्यांनी प्रसिद्ध केली.

पुढे 1958 मध्ये रॉबर्ट प्राइस व पॉल ग्रीन यांनी एकाच एरियलावर मागेपुढे येणाऱ्या प्रतिध्वनींना वेगवेगळे टिपून, त्यांचा विलंब भरून काढून त्यांची बेरीज करणारा ‘रेक’ ग्राहक मांडला. आणि 1998 मध्ये सियावश अलामूती यांनी दोन एरियलांचा भार प्रक्षेपकाकडे सोपवून ग्राहकाचे ओझे हलके केले. शक्तीच्या जोरावर जे साधले नाही, ते एकाच वाटेवर विसंबून न राहिल्याने साधले, हाच या कुळाचा वारसा होय.