‘रॅटून’ आणि ‘खोडवा’ : एका पर्यायाची तपासणी

‘रॅटून’ हा इंग्रजी शब्द सामान्य वाचकाच्या वाट्याला सहसा येत नाही. ऊस पिकवणारे प्रदेश, कृषिसंशोधन केंद्रे आणि वसाहतींचा आर्थिक इतिहास यांच्याबाहेर त्याचा फारसा वावर नाही. मराठीत त्याला ‘खोडवा’ हा पर्याय दिला जातो, आणि पर्याय म्हणून तो चुकीचाही नाही. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात, भवानीनगरच्या परिसरात, खोडवा म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु दोन शब्द एकाच पिकाकडे निर्देश करतात एवढ्यावरून त्यांचा अर्थही एकच ठरतो काय, हा प्रश्न कोशकाराइतकाच समीक्षकाचाही आहे. देशी आणि परकी शब्दांचा वाद मराठी समीक्षेत पुनःपुन्हा होत आला. तो बहुधा वाङ्मयीन संकल्पनांच्या पातळीवर झाला. त्या वादातील गृहीतके उसाच्या सरीतही तपासून पाहता येतात.

‘रॅटून’ हा स्पॅनिश ‘रेतोन्यो’ या शब्दाचा अपभ्रंश होय. ‘रेतोन्यो’ म्हणजे कोंब, फुटवा. त्याच्या मुळाशी पुन्हा फुटण्याचा अर्थ आहे. सतराव्या शतकात कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांतून हा शब्द इंग्रजीत स्थिरावला. तेथे त्याचे अर्थ एकातून एक वाढत गेले. प्रथम तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून आलेला कोंब, मग अशा कोंबांपासून वाढलेले पीक, आणि पुढे तसे पीक असलेले सबंध शेत. क्रियापद म्हणून तो दुहेरी चालतो : ऊस स्वतः ‘रॅटून’ होतो, आणि मळेवालाही ऊस ‘रॅटून’ करतो. कालांतराने कापूस, भात, ज्वारी, अननस, केळी अशा पिकांनाही तो लागू झाला.

या अर्थविस्तारामागे एक हिशेब होता. कॅरिबियन मळ्यांवर नव्या लागणीसाठी जमिनीत खड्डे खणणे हे गुलामांच्या वाट्याला येणाऱ्या कामांतील अत्यंत कष्टाचे काम मानले जाई. जुन्या बुडख्यांवर दुसरे पीक घेतले की ते खणणे टळे. उत्पादन मात्र दर फेरीला घटत जाई. म्हणून मळेवाल्याला पहिला रॅटून, दुसरा रॅटून असा क्रमांक लावून हिशेब ठेवावा लागे. फुटणाऱ्या कोंबाचे नाव अशा रीतीने मजुरी आणि उत्पन्न यांच्या वजाबाकीचे नाव झाले. शब्दात वनस्पतीचा जोम राहिला. खणणारा माणूस राहिला नाही.

मराठी शब्दाची दृष्टी वेगळी आहे. ‘खोडवा’ कोंबाकडे पाहत नाही. मागे उरलेल्या खोडाकडे पाहतो. हिंदीतील ‘पेडी’ आणि बुडख्याचे पीक अशा अर्थाचा तमिळ प्रयोगही त्याच बाजूने नाव देतात. इंग्रजी जेथे क्रमांक लावते तेथे मराठी नवे नाव देते : लागणीनंतरचा खोडवा, आणि खोडव्यानंतरचा निडवा. ब्राझीलमधील पोर्तुगीज भाषेतही ‘सोका’ आणि ‘रेसोका’ अशी क्रमवार नावे आहेत. तेव्हा हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य नव्हे. उलट, इंग्रजी एका शब्दात जे कोंबते ते मराठी वाटून देते. कापसाचा हंगाम संपल्यावरही पीक राखून घेतलेल्या उत्पन्नाला ‘फरदड’ म्हणतात. केळीच्या बागेत ‘पिलबाग’ असते. क्रियापदांतील भेद अधिक बोलका आहे. खोडवा फुटतो, पण तो ‘ठेवावा’ लागतो, ‘राखावा’ लागतो, आणि परवडेनासा झाला की ‘मोडावा’ लागतो. झाडाचा धर्म आणि माणसाचा निर्णय यांना इंग्रजीत एकच क्रियापद पुरते. मराठीत ते वेगळे राहतात.

नीरेच्या खोऱ्यात परकी शब्दांना मज्जाव होता म्हणून ‘खोडवा’ टिकला, असे म्हणता येत नाही. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर आकारास आलेल्या नीरा डाव्या कालव्याला १८८५ च्या सुमारास पाणी आले, पुढे भाटघरचे धरण झाले, आणि त्या पाण्याबरोबर ‘क्युसेक’ आला. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी पाण्याची हमी देऊन उसाचे क्षेत्र फेरपालटाने मर्यादित ठेवणारी योजना आखली. तिचे ‘ब्लॉक’ हे नाव मराठीत जसेच्या तसे रुजले. १९३० नंतरच्या दशकात वालचंदनगरला खासगी साखर कारखाना उभा राहिला. १९५० नंतरच्या दशकात भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आला. कारखान्यांबरोबर ‘रिकव्हरी’, ‘बगॅस’, ‘प्रेसमड’ हे शब्द आले. तोडणीची चिठ्ठी देणाऱ्याला ‘चिटबॉय’ म्हणू लागले. यांपैकी ‘रिकव्हरी’ला ‘उतारा’ हा सुबक मराठी शब्द मिळाला, तरी मूळ शब्द हटला नाही.

मग ‘रॅटून’ का आला नाही? जे शब्द आले ते नव्या संस्थांचे होते. पाणी मोजणे, वाटणे, रसातील साखर काढणे ही कामे कालवा खात्याच्या आणि कारखान्याच्या हातात होती. त्यांची नावेही तिकडूनच आली. खोडवा ठेवायचा की मोडायचा हा निर्णय मात्र गुऱ्हाळाच्या काळापासून शेतकऱ्याचा होता. ते काम त्याच्याकडे राहिले म्हणून शब्दही राहिला, आणि कारखान्याच्या ऊसनोंदीत आडसाली, पूर्वहंगामी, सुरू यांच्या शेजारी खोडव्याला तसाच रकाना मिळाला. १९३२ मध्ये सुरू झालेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या मराठी शिफारशींनाही हाच शब्द घ्यावा लागला. भाषेत उणीव असते म्हणून शब्द उसने येतात, या सोप्या समजुतीला येथे छेद जातो. शब्द सत्तेबरोबर येतात. आणि जेथे काम स्वतःच्या हातात असते तेथे ते सहसा येत नाहीत.

तथापि येथे थांबले तर ‘खोडव्या’चा विजय साजरा करण्यापलीकडे विवेचन जाणार नाही. पंधरा फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला असतो. पण ऊस केव्हा तुटावा हे शेतकरी ठरवत नाही. कारखान्याचा तोडणी कार्यक्रम ठरवतो. तोड लांबली की खोडवा ‘ठेवण्या’चा अधिकार नावापुरता उरतो. शब्द शेतकऱ्याचा, तारीख कारखान्याची, अशी ही वाटणी आहे. ती शब्दाच्या देशीपणात दिसत नाही.

आणखी एक माणूस दोन्ही शब्दांच्या बाहेर आहे. खोडवा चांगला फुटायचा तर ऊस जमिनीलगत तुटावा लागतो. म्हणजे तोडणाऱ्याला प्रत्येक घावाला खाली वाकावे लागते. बीड, अहिल्यानगर, सोलापूर अशा जिल्ह्यांतून मुकादमाची उचल घेऊन येणाऱ्या या मजुरांना मजुरी टनावर मिळते. पुढच्या वर्षीच्या खोडव्यात त्यांचा वाटा नसतो. नवरा-बायकोच्या जोडीला या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणतात. इंग्रजी शब्दाने खणणाऱ्याला वगळले. मराठी व्यवहाराने तोडणाऱ्याला हत्याराचे नाव दिले. उसाची वाढ खुंटवणाऱ्या एका जिवाणूजन्य रोगाला इंग्रजीत ‘रॅटून’चे नाव चिकटले आहे, कारण त्याचा परिणाम खोडव्यात अधिक दिसतो. प्रत्यक्षात तो रोगट बेण्यातून आणि तोडणीच्या पात्यातून पसरतो. दोष दिसतो तेथे नाव पडते; तो पसरतो कसा, हे नावात येत नाही.

‘रॅटून म्हणजे खोडवा’ हे समीकरण कोशाला पुरते. समीक्षेला ते पुरणारे नाही. शब्द कोणत्या मातीतला, या प्रश्नाने देशी-परकी वादाला आरंभ करता येतो; पण त्यावरच समाधान मानले तर देशी शब्दाच्या आडोशाला असलेले व्यवहार तपासायचे राहून जातात. तो शब्द कोणाच्या हातातील कामाला नाव देतो आणि कोणाचे काम अनामिक ठेवतो, हेही विचारावे लागते. नीरेकाठी ‘खोडवा’ टिकला ही मराठी भाषेची मिळकत खरी. तिच्या बाहेर उभा असलेला ‘कोयता’ हीही त्याच भाषेची नोंद आहे.