क्वायवरच्या पुलाची कुळकथा

थायलंडमधल्या कांचनाबुरीचा रेल्वेपूल पाहायला जाल तेव्हा त्याचे पोलादी गाळे नीट न्याहाळा. बाकी सगळ्यांची वरची कड कमानीसारखी वाकलेली आहे, मधले दोन गाळे मात्र सरळ आणि कोनदार.

वाकलेले गाळे जावाहून आले. १९४२ साली ब्रह्मदेशातल्या जपानी फौजेला रसद पोचवायची होती, आणि समुद्रमार्गावर दोस्तांच्या पाणबुड्यांची धास्ती होती. म्हणून डोंगर-जंगलातून ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग टाकायचं ठरलं. नवं पोलाद घडवायला सवड नव्हती. जपान्यांनी जिंकलेल्या जावातून ११ गाळे सुटे करून आणले आणि काँक्रीटच्या खांबांवर चढवले. तोवर शेजारच्या लाकडी पुलावर काम भागवलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये मार्ग पुरा झाला. १९४५ मध्ये दोस्तांच्या विमानांनी मधले तीन गाळे पाडले. त्यांच्या जागी युद्धानंतर जपाननं भरपाई म्हणून दिलेले दोन सरळ गाळे बसले. नाम तोकला जाणारी गाडी आजही त्यांवरूनच जाते.

नाव मात्र कादंबरीनं दिलं. लोहमार्ग बराचसा ख्वे नोई (म्हणजेच ‘क्वाय’) नदीच्या काठानं जातो, म्हणून पिएर बूल या फ्रेंच लेखकानं १९५२ च्या कादंबरीत पूलही तिच्यावरच टाकला. खरा पूल मे क्लोंग नदीवर होता. १९५७ मध्ये तिच्यावरचा डेव्हिड लीनचा चित्रपट गाजला. त्याचं चित्रण सिलोनमध्ये झालं होतं, तरी लोक ‘क्वायवरचा पूल’ शोधत थायलंडला येऊ लागले. अखेर १९६० मध्ये तिथल्या सरकारनं मे क्लोंगच्या त्या भागालाच ख्वे याई हे नाव दिलं!

चित्रपटामुळे जगाला हा मार्ग बांधणारे दोस्तांचे युद्धकैदी ठाऊक झाले, तेही योग्यच. साठ हजारांहून अधिक कैदी या मार्गावर राबले, बारा हजारांवर मेले. कांचनाबुरीच्या युद्ध दफनभूमीत त्यांच्यातल्या अनेकांची थडगी निगुतीनं राखली आहेत. पण कैद्यांच्या कितीतरी पट मजूर इथे आणले होते: ब्रह्मी, मलायी, जावाचे आणि मलायातल्या रबरमळ्यांतले तमिळ. कुणाला मजुरीचं आमिष दाखवलं, कुणाला सरळ धरून आणलं. कैद्यांसोबत निदान त्यांचे डॉक्टर होते; मजुरांच्या छावण्यांत पटकी शिरली की त्यांना वाली नव्हता. त्यांच्यातल्या मृतांचा अंदाज नव्वद हजारांच्या आसपास केला जातो. अंदाजच, कारण बहुतेकांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत. मला या पुलाच्या कथेत सगळ्यात जास्त सलतं ते हेच.